धार आणि पाणी: हातघडणीच्या सुरीमागचा इतिहास

हाताने सुरी करायला शिकणाऱ्याला आज दोन कामे एकदमच शिकावी लागतात: पाते घासून त्याला उतार देणे आणि पोलादाला पाणी देणे, म्हणजे ते तापवून झटकन थंड करून कडक करणे. ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावीत, ही अपेक्षा मात्र बरीच अलीकडची आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे एकोणिसाव्या शतकात पाते ठोकून त्याला पाणी देणारा, ते दगडी चाकावर घासणारा आणि मूठ बसवणारा असे तीन वेगळे कारागीर असत. त्यांपैकी घासणाऱ्याचे काम सर्वांत जीवघेणे होते, कारण कोरड्या वालुकाश्मावर घासताना उडणारी धूळ फुप्फुसांत साठून कित्येक जण ऐन उमेदीत दगावत. शिकाऊ माणसाने मुखवटा लावावा, ही आजची सूचना त्याच अनुभवातून आलेली आहे.

पाणी देण्याच्या कामात हाताला कृती ठाऊक होती, तिचे कारण मात्र शतकानुशतके कोणालाच सांगता येत नव्हते. बाराव्या शतकातील थिओफिलस या ख्रिस्ती मठवासी कारागिराने हत्यारे कडक करण्यासाठी, केवळ नेचे (फर्न) खाऊ घातलेल्या बोकडाच्या किंवा लाल केसांच्या लहान मुलाच्या मूत्रात ती बुडवावीत, असे लिहून ठेवले आहे. ही कृती सर्वस्वी हास्यास्पद मानण्याचे कारण नाही. तापलेले पाते साध्या पाण्यात बुडवले की त्याच्याभोवती वाफेचे आवरण तयार होते आणि थंड होण्याचा वेग मंदावतो; पाण्यात क्षार असले की ते आवरण लवकर तुटते. नेच्याचा आणि केसांच्या रंगाचा मात्र याच्याशी काही संबंध नाही.

लोखंड आणि पोलाद यांतील फरक कार्बनमुळे पडतो, हे १७८६ मध्ये व्हाँदरमाँद, बेर्तोले आणि माँज या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मांडले. त्यापुढची महत्त्वाची पायरी रशियात गाठली गेली. तोफा का फुटतात याचा शोध घेणाऱ्या दिमित्री चेर्नोव्ह यांनी १८६८ मध्ये दाखवून दिले की एका ठरावीक तापमानापर्यंत पोलाद तापले नाही, तर ते कितीही झपाट्याने थंड केले तरी कडक होत नाही. विशेष म्हणजे हे तापमान त्यांनी तापलेल्या धातूच्या रंगावरून ओळखले होते, म्हणजे लोहार ज्या नजरेवर विसंबत आला होता तीच नजर येथे विज्ञानाच्या कामी आली. पुढे फ्रेंच धातुशास्त्रज्ञ फ्लोरिस ऑस्माँ यांनी तापमापनाच्या नव्या साधनांनी हे बिंदू निश्चित केले आणि १८९५ मध्ये पोलादाच्या कडक रूपाला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्यावरून ‘मार्टेन्साइट’ हे नाव दिले.

आजचा शिकाऊ माणूस तापलेल्या पात्याला चुंबक लावून पाहतो, त्यामागे हेच ज्ञान आहे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाचे चुंबकत्व जाते आणि साधे कार्बन पोलाद त्याहून थोडे अधिक तापवून तेलात बुडवायचे असते. तसे कडक झालेले पाते काचेसारखे ठिसूळ असल्याने ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास तापवून नरमवावे लागते. या पायरीला टेंपरिंग म्हणतात. घासलेल्या चकचकीत पृष्ठभागावर तेव्हा गवती पिवळा रंग चढतो, तर ३०० अंशांच्या सुमारास तो निळा होतो. पाणी दिल्यानंतर घासताना धारेवर निळा डाग उमटला, की तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. घासणारा आणि पाणी देणारा वेगळे असताना अशा वेळी दोष कोणाचा, यावर वाद घालता येत असे. एकट्या कारागिराला ती सोयही उरलेली नाही.

हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये शेफील्डला तयार केलेल्या गंजरोधक पोलादाने नजर आणि चुंबक दोन्ही अपुरी ठरवली, कारण त्याला १,००० अंशांच्या वर, नियंत्रित भट्टीत तापवावे लागते. तरीही साध्या कार्बन पोलादाची परंपरा टिकली. अमेरिकेत १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत एकाच सुरीने एक इंच जाडीचा लोंबता दोर एका घावात कापावा लागतो, लाकडी फळी तोडावी लागते, त्यानंतरही तिच्याने हातावरचे केस निघावे लागतात, आणि शेवटी पाते शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून ९० अंशांत वाकवले जाते. दोरासाठी धार पातळ हवी, फळीसाठी ती कडक असूनही तुटता कामा नये, आणि वाकण्यासाठी पाठ नरम हवी. म्हणून फक्त धारेला पाणी देतात किंवा पाठ नंतर वेगळी तापवून नरमवतात.