हृदयाभोवतीचं पाणी, आणि त्यासाठी पाडायची खिडकी

हृदय एका दुपदरी पिशवीत असतं, तिला पेरिकार्डियम म्हणतात. दोन पदरांमध्ये एरवी 15 ते 50 मिलिलिटर पाणी असतं, हृदय घासू नये एवढ्यापुरतं. पिशवी ताणायला वेळ घेते. पाणी हळूहळू साठलं तर लिटरभरही मावतं आणि एक्स-रेमध्ये हृदय पाण्याच्या सुरईसारखं फुगलेलं दिसतं. तेच दीड-दोनशे मिलिलिटर झटक्यात साठलं, तर हृदय आवळलं जातं. याला टॅम्पोनाड म्हणतात. मानेच्या शिरा तट्ट फुगतात, रक्तदाब घसरतो, श्वास आत घेताना नाडी हाताला लागेनाशी होते.

एड्सच्या रुग्णांत हे पाणी वाढतं. प्रभावी औषधं येण्याआधी, 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एड्सच्या सुमारे 11 टक्के रुग्णांना दर वर्षी असं पाणी होताना दिसलं. पाणी झालेल्यांपैकी सहा महिन्यांनी 36 टक्केच जिवंत होते. न झालेल्यांपैकी 93 टक्के. गंमत अशी, की बहुतेकांचं पाणी थोडंसंच होतं. जीव त्या पाण्यानं जात नव्हता. आजार किती पुढे गेलाय, एवढंच ते सांगत होतं. म्हणून थोड्याशा, त्रास न देणाऱ्या पाण्यासाठी, केवळ कारण शोधायला म्हणून छाती उघडणं मला तरी पटत नाही. तेव्हा तसं करूनही बऱ्याचदा अहवालात नेमकं काही सापडत नसे.

आफ्रिकेत चित्र वेगळं. तिथे एचआयव्ही असलेल्याच्या हृदयाभोवती भरपूर पाणी दिसलं की पहिला संशय टीबीचा. 2014 साली दक्षिण आफ्रिकेचे हृदयरोगतज्ज्ञ बोंगानी मायोसी यांच्या नेतृत्वाखाली 1400 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना एचआयव्ही होता. टीबीच्या औषधांसोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिल्यानं पिशवी पुढे आवळून बसण्याचं प्रमाण घटलं, पण मृत्यू काही कमी झाले नाहीत. एचआयव्ही असलेल्यांत कॅन्सर मात्र वाढले.

हृदय आवळलं गेलं असेल तर थांबायला वेळच नसतो. आधी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, बघत सुईनं पाणी काढतात. ते पुन्हा साठलं, पू किंवा गुठळ्या असल्या, किंवा तपासायला पिशवीचा तुकडा हवा असला, की खिडकी, म्हणजे पिशवीला कापून पाडलेलं भोक. छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली छोटा छेद घेतात. जमेल तिथे फक्त तेवढाच भाग बधिर करतात, कारण पूर्ण भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात आणि आधीच कसाबसा टिकलेला रक्तदाब कोसळू शकतो. चिमट्यानं पिशवी उचलून कापली की पाणी उसळून बाहेर येतं आणि मॉनिटरवरचा आकडा बघता बघता चढतो. नळी काही दिवस ठेवतात, तुकडा टीबी आणि कॅन्सरच्या तपासणीला जातो.

नाव खिडकी असलं तरी ती कायम उघडी राहतेच असं नाही. बऱ्याचदा नळीनं कोरडे झालेले दोन पदर एकमेकांना चिकटतात आणि पाणी साठायला जागाच उरत नाही.