गाठ गुदमरते तेव्हा

‘कॅन्सरची पेशी ऑक्सिजनमध्ये जगत नाही, म्हणून रोज अर्धा तास दीर्घ श्वसन करा’ हा संदेश मोबाईलवर दर काही महिन्यांनी नव्याने येतो. पुरावा म्हणून जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वॉरबर्ग यांचं १९३१ चं नोबेल असतं. नोबेल खरं, पण ते मिळालं पेशींच्या श्वसनातल्या एका एन्झाइमवरच्या कामासाठी. श्वसन जरूर करा, चांगलंच आहे. पण कॅन्सरला ऑक्सिजनचं वावडं नाही. मोठ्या आतड्यातली गाठ तर ऑक्सिजनसाठी थेट रक्तवाहिन्याच ओढून आणते.

केशवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन ऊतीत फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटर झिरपतो. त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. म्हणून स्वतःच्या रक्तवाहिन्या नसलेली गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे सहसा जात नाही. जुडा फोकमन या सर्जनने हे १९७१ मध्ये मांडलं, तेव्हा अनेकांनी ते मनावर घेतलं नव्हतं.

पण आपण गुदमरतोय हे पेशीला कळतं कसं? यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट हीच.

हिफ-१ अल्फा नावाचं प्रथिन आपल्या पेशींमध्ये सतत बनतं आणि बनल्या बनल्या मोडीत निघतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर त्यातलं निम्मं पाचेक मिनिटांत संपतं. मोडण्याची रीत अशी: एक एन्झाइम ऑक्सिजनच्या रेणूतला एक अणू हिफमधल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर बसवतं. ही खूण दिसली की व्हीएचएल हे प्रथिन हिफला धरतं, त्याला युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची शेपटी लागते आणि प्रोटिएसोम, म्हणजे पेशीतला प्रथिनं मोडणारा कारखाना, त्याचा भुगा करतो. मेख अशी की खूण करायची शाई म्हणजे ऑक्सिजनच. शाई संपली की खूण होत नाही, आणि खूण नाही म्हणून भुगाही नाही. हिफ साठतं, केंद्रकात शिरतं, जोडीदार प्रथिनाला घेऊन डीएनएवर बसतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. बनवायचं आणि फेकायचं, ही उधळपट्टी वाटते खरी. पण जीव घुसमटल्यावर नवं प्रथिन बनवायला सवड कुठे असते? इथे नुसतं फेकणं थांबवलं की काम झालं! केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल या शोधासाठी मिळालं.

हिफने चालू केलेल्या जनुकांपैकी एक व्हीईजीएफचं, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवायचा निरोप देणाऱ्या प्रथिनाचं. हे प्रथिन गाठीबाहेर झिरपतं आणि शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. ज्या पेशीला हा निरोप सगळ्यात जोरात पोचतो ती बोटांसारखे बारीक तंतू काढून गाठीकडे सरकू लागते. ती डीएलएल-४ हे प्रथिन पुढे करून शेजारणींमधलं नॉच हे निरोप घेणारं प्रथिन चालू करते, मग शेजारणींचे व्हीईजीएफ रिसेप्टर कमी होतात. म्हणजे म्होरकी एकच, बाकीच्यांनी मागे राहून विभाजन करत नळी लांबवायची.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये आणखी एक भानगड असते. बहुतेक गाठींमध्ये एपीसी हे जनुक बिघडलेलं असतं. त्यामुळे बीटा-कॅटेनिन हे प्रथिन मोडलं जात नाही, आणि साठलेलं बीटा-कॅटेनिनही व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. पेशीला वाढायला सांगणारं केरॅस हे जनुक बिघडलेलं असेल तर तेही त्यात भर घालतं. म्हणजे ऑक्सिजन असला तरी मागणी चालूच.

घाईत झालेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. रक्त नीट पोचत नाही, गुदमरणं संपत नाही, व्हीईजीएफ आणखी वाढतं.

व्हीईजीएफला बाहेरच धरणारी अँटिबॉडी, बेव्हासिझुमॅब, अमेरिकेत फेब्रुवारी २००४ मध्ये पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्य झाली. ‘गाठीची रसद तोडली’ असा गाजावाजा झाला. आकडा मात्र बेताचा होता: केमोथेरपीसोबत दिल्यावर मध्यक आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिने. गाठींच्या रक्तवाहिन्यांचे अभ्यासक राकेश जैन यांचं म्हणणं असं की औषधाने काही काळ वाहिन्या सुधारतात आणि केमोचं औषध आत पोचतं. रसद तोडण्याच्या अगदी उलट!

जखम भरायलाही हाच व्हीईजीएफ लागतो, म्हणून ऑपरेशनच्या काही आठवडे आधी हे औषध थांबवतात.