वाट जवळची की मोकळी? राउटिंगच्या हिशेबाची पार्श्वभूमी

लातूरच्या शाखेतून नांदेडला डेटा पाठवायचा आहे, असं धरू. थेट जोडणी आहे, पण २ एमबीपीएसची जुनी लीज लाइन. परभणीमार्गे गेलं तर दोन्ही टप्पे १०० एमबीपीएस फायबरचे. चांगली वाट कोणती, हे राउटरवर, म्हणजे डेटाला वाट दाखवणाऱ्या यंत्रावर, कोणता प्रोटोकॉल (वाट निवडायचे नियम) चालू आहे त्यावर ठरतं.

सर्वांत कमी खर्चाची वाट शोधायचं गणित जुनंच आहे. फोर्ड आणि बेलमन यांची रीत १९५६-५८ची, डायक्स्ट्रा यांची १९५९ साली छापून आलेली. घोळ होता तो मोजायचं काय, याचा. १९६९ साली सुरू झालेल्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर, प्रत्येक नोड (जाळ्यातला वाट दाखवणारा थांबा) सेकंदाला दीडेक वेळा शेजाऱ्यांना आपला वाटांचा तक्ता धाडी, आणि त्या क्षणी रांगेत किती पॅकेट उभी आहेत त्यावर वाटेचं मोल ठरे. रांग क्षणात फुगते, क्षणात ओसरते; वाहतूकही तशीच या तारेवरून त्या तारेवर पळे. म्हणून १९७९-८०च्या सुमारास रीतच बदलली. प्रत्येक नोड अख्ख्या जाळ्याचा नकाशा जवळ ठेवू लागला, आणि विलंब १० सेकंदांच्या सरासरीने धरला जाऊ लागला.

नकाशाचीही दुखणी निघाली. २७ ऑक्टोबर १९८० रोजी एका नोडच्या स्मृतीतले बिट गळाले आणि एकाच नोडच्या माहितीच्या तीन प्रती फिरू लागल्या: क्रमांक ४४, ४० आणि ८. मोठा क्रमांक म्हणजे नवी प्रत, पण क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यावर येत असल्यामुळे ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा आणि ४४ पेक्षा ८ नवा! जुनी प्रत म्हणून कुठलीच टाकली जाईना, आणि अर्पानेट काही तास ठप्प झालं.

एवढं होऊनही १९८८ साली आरएफसी १०५८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) नोंदवलेला आरआयपी हा प्रोटोकॉल शेजाऱ्याच्या सांगीवरच चालतो. सोपा होता, म्हणून रुजला. तो फक्त हॉप, म्हणजे वाटेतले टप्पे, मोजतो, त्यामुळे आपल्या उदाहरणात २ एमबीपीएसची लाइनच निवडतो. दर ३० सेकंदांनी तक्ता पाठवायचा, १५ हॉप ही हद्द, १६ म्हणजे वाट नाही. रस्तारुंदीकरणात जेसीबीने केबल तोडली आणि मधे मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडणारा डबा) असला, तर पोर्ट चालूच दिसतो. मग जुनी वाट बाद व्हायला १८० सेकंद जातात. त्यातच दोन राउटर एकमेकांची शिळी बातमी खरी धरून ३, ४, ५ करत १६ पर्यंत मोजत बसतात. ज्याच्याकडून वाट कळली त्यालाच ती परत सांगायची नाही, ही स्प्लिट होरायझनची युक्ती दोघांपुरती चालते. तिघांचं चक्र असलं की फसते.

१९८९ साली आलेला ओएसपीएफ हा प्रोटोकॉल नकाशावाला. सिस्कोच्या राउटरवर मूळ सूत्र सरळ आहे: १०० एमबीपीएसला तारेच्या वेगाने भागायचं. थेट लाइनचा खर्च ५०, परभणीमार्गे १ + १. शेजारी ४० सेकंद गप्प राहिला की तो गेला असं धरतात. मात्र या सूत्रात १ जीबीपीएस आणि १० जीबीपीएसचाही खर्च १ च येतो. फायबर वाढवूनही वाहतूक जुन्याच वाटेने जात असेल तर आधी सूत्रातला हा १०० एमबीपीएसचा संदर्भवेग तपासावा, आणि बदलायचा तर सगळ्या राउटरांवर सारखाच बदलावा.

कंपन्याकंपन्यांच्या जाळ्यांमधल्या बीजीपी या प्रोटोकॉलचा जन्मही १९८९चाच, पण तिथे वेगाला विचारतंय कोण? आधी धोरण, म्हणजे कोणाशी कसला करार आहे ते. एएसची, म्हणजे वाटेतल्या एकेका संस्थेच्या जाळ्याची, साखळी किती लांब, हे त्यानंतर. आणि या सगळ्याच्या वर एक नियम: पत्ता जितका नेमका, तितका तो आधी. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरतं यूट्यूब बंद करायला काढलेला /२४ मार्ग (तिरप्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा गट लहान आणि नेमका) बाहेर निसटला. यूट्यूब स्वतः /२२ जाहीर करत होतं, म्हणून जगभरची वाहतूक तिकडे वळली. यूट्यूबने आधी तोच /२४ आणि मग त्याहून नेमके दोन /२५ जाहीर केले, तेव्हा वाहतूक परतू लागली.