‘माझी भूमिका’: एका पत्रकाची वंशावळ

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या सगळ्या ४३५ जागांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. रिपब्लिकन पक्षाच्या कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराचे पत्रक कुठल्याही मतदारसंघातले उचला, मुद्दे बहुतेक तेच: करवाढ नाही, संतुलित अंदाजपत्रक, खासदारकीला मुदतीची मर्यादा, गर्भपाताला सरकारी पैसा नाही, सीमेवर कडक बंदोबस्त. नाव आणि फोटो उमेदवाराचा, मजकूर वारशाने आलेला.

करवाढीचे कलम १९८६ सालचे. अध्यक्ष रेगन यांच्या करसुधारणा कायद्याने प्राप्तिकराचा वरचा दर ५० टक्क्यांवरून २८ वर आणला आणि बदल्यात बऱ्याच वजावटी काढून घेतल्या. उद्या दर पुन्हा चढले तर? वजावटी तर गेल्याच. या भीतीपोटी ग्रोव्हर नॉरक्विस्ट यांच्या ‘अमेरिकन्स फॉर टॅक्स रिफॉर्म’ या संस्थेने उमेदवारांसाठी लेखी प्रतिज्ञा काढली. तिची कलमे दोनच: प्राप्तिकराचे दर वाढवणाऱ्या प्रत्येक प्रस्तावाला विरोध, आणि एखादी वजावट किंवा सवलत काढायची तर तेवढ्याच रकमेने दर खाली आणायचे.

अडचण दुसऱ्या कलमात आहे. इथेनॉलवर गॅलनमागे ४५ सेंटची करसवलत होती. २०११ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न, स्वतः कट्टर काटकसरवाले, ती बंद करायला निघाले. नॉरक्विस्ट यांनी त्यांनाच अडवले: भरपाईची करकपात नसेल तर ही करवाढच. अनुदान म्हणून दिलेला पैसा सहज कापता येतो, पण तोच सवलत म्हणून दिला की प्रतिज्ञेच्या आडोशाला जातो. तरीही उमेदवार सही करतात, कारण अध्यक्ष जॉर्ज बुश थोरले सगळ्यांना आठवतात. १९८८ मध्ये ‘नवे कर नाहीत’ म्हणाले, १९९० मध्ये वरचा दर २८ वरून ३१ टक्के होऊ दिला आणि १९९२ मध्ये हरले.

बाकीच्या मुद्द्यांची मोट २७ सप्टेंबर १९९४ रोजी बांधली गेली. प्रतिनिधीगृहातले रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांच्या पुढाकाराने तीनशेहून अधिक उमेदवारांनी कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, पायऱ्यांवर ‘अमेरिकेशी करार’ मांडला: पहिल्या शंभर दिवसांत दहा विधेयके मतदानाला आणू. पक्षाला ५४ जागा जास्त मिळाल्या, चाळीस वर्षांनी बहुमत आले. शब्द नीट वाचा: मतदानाला आणू. मंजूर करू, असे कुणी म्हटले नव्हते.

संतुलित अंदाजपत्रकाची घटनादुरुस्ती जानेवारी १९९५ मध्ये प्रतिनिधीगृहात ३०० विरुद्ध १३२ मतांनी पार पडली आणि मार्चमध्ये सिनेटमध्ये अडली. मुदतीच्या मर्यादेला २२७ मते पडली, हवी होती २८८. घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि वर ५० पैकी ३८ राज्ये लागतात. एकटा खासदार यात मत देण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही, म्हणूनच हे आश्वासन सर्वांत स्वस्त.

याउलट हेन्री हाइड. इलिनॉयचे, पहिल्यांदाच निवडून आलेले खासदार. १९७६ मध्ये त्यांनी आरोग्य खात्याच्या खर्चाच्या विधेयकाला एक ओळ जोडली: या पैशातून गर्भपाताचा खर्च करता येणार नाही. घटनेला हात नाही, नवा कायदाही नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने ती वैध ठरवली. खर्चाचे विधेयक वर्षापुरते असते, म्हणून ती ओळ दरवर्षी पुन्हा घालावी लागते. पत्रकात ‘हाइड कायम करू’ असे येते ते यामुळे.

स्थलांतराचा मुद्दा धारदार झाला तो जून २०१४ मध्ये. सभागृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर व्हर्जिनियात आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. आरोप एकच, बेकायदा आलेल्यांना माफी द्यायला निघाले. तेव्हापासून उमेदवार डेमोक्रॅटपेक्षा आपल्या उजवीकडच्यालाच जास्त भितो.

कायदेशीर स्थलांतराबद्दल मात्र याच मंडळींत एकमत नाही, आणि तिथे आपल्याकडच्या अनेक घरांचा संबंध येतो. १९९० च्या कायद्यानुसार वर्षाच्या कोट्यातली ७ टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डे एका देशाला मिळत नाहीत, म्हणून न्यू जर्सीतला पुण्याचा इंजिनीअर वर्षानुवर्षे रांगेत असतो. नोकरीच्या कोट्यावरची ही मर्यादा काढणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. पुरस्कर्त्यांत कोलोरॅडोचे कॉन्झर्व्हेटिव्ह केन बकही होते. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुदे जुळवण्याआधीच जानेवारीत सभागृहाची मुदत संपली आणि विधेयक बाद झाले.