ताटातला अंश, तक्त्यातला छेद

दिवसभरात खाल्लेले सगळे पदार्थ मोबाइलमधील अ‍ॅपमध्ये नोंदवून झाले, की रात्री त्यावर एक प्रगतिपुस्तक उमटते: प्रथिने ९० टक्के, क जीवनसत्त्व १४० टक्के, लोह ७२ टक्के. पाहणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, की लोहात आपण नापास झालो का? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ही टक्केवारी कशी तयार झाली ते पाहावे लागते. तिच्यातला अंश आपल्या नोंदीतून येतो आणि छेद पोषणतज्ज्ञांच्या शिफारशींच्या तक्त्यातून. हे दोन्ही आकडे पडद्यावर दिसतात तितके ठाम नसतात, आणि त्यांच्यातली अनिश्चितता एकाच प्रकारची नसते.

आधी अंशाकडे पाहू. आपण 'एक वाटी भात' लिहितो तेव्हा त्याचे रूपांतर ग्रॅममध्ये होते आणि ते ग्रॅम अन्नघटकांच्या कोष्टकातील सरासरी मूल्यांनी गुणले जातात. उष्मांकांच्या हिशेबाचा पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी घातला. पचनात आणि लघवीवाटे वाया जाणारा भाग वजा करून त्यांनी प्रथिने व कर्बोदकांसाठी प्रतिग्रॅम ४ आणि स्निग्ध पदार्थांसाठी ९ किलोकॅलरी हे गुणक ठरवले, आणि तेच आजही वेष्टनांवरच्या छापील माहितीत वापरले जातात. मिश्र आहाराला हे गुणक चांगले लागू पडतात, पण एकेका पदार्थाच्या बाबतीत ते फसू शकतात. बदामावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत असे दिसले, की २८ ग्रॅम बदामांतून शरीराला प्रत्यक्षात सुमारे १२९ किलोकॅलरी मिळतात, तर गुणकांच्या हिशेबाने हा आकडा १७० च्या आसपास येतो. बदामातले बरेचसे तेल पेशींच्या भिंतींआड अडकून न पचताच बाहेर पडते, हे त्याचे कारण.

घरच्या वहीत मात्र याहून मोठ्या चुका अगदी साध्या कारणांनी होतात. कोरड्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० किलोकॅलरी असतात, तर शिजून पाणी प्यालेल्या १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपास. कोष्टकातील ओळ कच्च्या पदार्थाची आहे की शिजवलेल्या, हे न पाहता नोंद केली तर एका घासाचे तीन घास होतात किंवा तिनाचा एक. तेलाचे तर विचारूच नये. एका मोठ्या चमच्यात सुमारे १४ ग्रॅम तेल, म्हणजे जवळपास १२० किलोकॅलरी असतात, आणि स्वयंपाक दुसऱ्या कोणी केला असेल तर ते नोंदीत यायचेच राहते.

या तांत्रिक चुका निदान दोन्ही बाजूंना होतात. माणसाच्या स्वभावातून येणारी चूक बहुधा एकाच बाजूला झुकलेली असते. ती उघडकीला आली ती एका सुंदर युक्तीमुळे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन्हींचे जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे अधिक वजनाचे अणू) असलेले पाणी माणसाला प्यायला देतात. त्यातला हायड्रोजन शरीरातून केवळ पाण्याच्या रूपात बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही वाटांनी जातो. दोघांच्या घटण्याच्या वेगातील फरकावरून किती कार्बन डायऑक्साइड तयार झाला ते कळते, आणि त्यावरून किती ऊर्जा खर्च झाली तेही. वजन स्थिर असलेला माणूस जितकी ऊर्जा खर्च करतो तितकीच तो खात असणार, त्यामुळे हा आकडा वहीतील नोंदीशी पडताळता येतो. वजन बदलत असेल तर शरीरात साठलेल्या किंवा शरीरातून घटलेल्या ऊर्जेचा हिशेब त्यात धरावा लागतो. आपण १,२०० किलोकॅलरींपेक्षा कमी खातो आणि तरीही वजन उतरत नाही, असे सांगणाऱ्या १० स्थूल व्यक्तींची या पद्धतीने केलेली तपासणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी आपला आहार प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी आणि शारीरिक हालचाल ५१ टक्के जास्त सांगितली होती. हे टोकाचे उदाहरण आहे, पण झुकाव जवळपास सगळ्यांमध्ये आढळतो. याला खोटेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. येता-जाता तोंडात टाकलेले चार दाणे 'खाणे' म्हणून आठवतच नाहीत, आणि लिहायचे आहे या जाणिवेने माणूस त्या दिवसापुरता खरोखरच कमी खातो.

यात भर पडते ती दिवसागणिक होणाऱ्या चढउताराची. वर्षभर रोजचा आहार लिहिणाऱ्या २९ व्यक्तींच्या नोंदींवरून १९८७ मध्ये असा हिशेब मांडला गेला, की एका व्यक्तीचे नेहमीचे ऊर्जासेवन भरवशाने ठरवायला सरासरी ३१ दिवसांची नोंद लागते, आणि अ जीवनसत्त्वासाठी तब्बल ४३३ दिवसांची! हे जीवनसत्त्व थोड्याच पदार्थांत एकवटलेले असते, त्यामुळे एखाद्या दिवशी गाजरे खाल्ली की आकडा उसळतो आणि पुढचे कित्येक दिवस तळाशी राहतो. शरीराचे त्यावाचून अडत नाही, कारण यकृतात त्याचा महिनोन्‌महिने पुरणारा साठा असतो. एका दिवसाची टक्केवारी म्हणूनच जवळपास निरर्थक असते. सलग एक आठवडा लिहिण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांत विखुरलेले, सुटीचे आणि कामाचे दोन्ही प्रकारचे दिवस निवडावेत असे मी सुचवीन.

आता छेद. शिफारशीचा आकडा म्हणजे तुमची गरज, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. एकाच वयाच्या निरोगी माणसांचीही गरज सारखी नसते. या विखुरलेल्या गरजांचा मध्य म्हणजे अंदाजित सरासरी गरज, जी निम्म्या लोकांना पुरते आणि निम्म्यांना अपुरी पडते. तिच्यावर दोन प्रमाण विचलनांइतकी (प्रमाण विचलन म्हणजे गरजा सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचे माप) भर घातली की शिफारस केलेले दैनंदिन प्रमाण मिळते, आणि ते ९७ ते ९८ टक्के निरोगी लोकांना पुरेसे ठरते. साहजिकच बहुसंख्यांसाठी ते गरजेपेक्षा जास्तच असते. प्रौढांसाठी प्रथिनांची सरासरी गरज दर किलो वजनामागे दिवसाला ०.६६ ग्रॅम आणि सुरक्षित पातळी, म्हणजेच शिफारस केलेले प्रमाण, ०.८३ ग्रॅम मानली जाते. ६० किलोच्या व्यक्तीसाठी हे आकडे अंदाजे ४० आणि ५० ग्रॅम होतात. तिची दीर्घकाळची सरासरी ४५ ग्रॅम आली तर अ‍ॅप ९० टक्के दाखवील. नोंद खरी असेल तर त्याचा अर्थ दहा टक्क्यांची कमतरता असा होत नाही. अशा सहा व्यक्तींपैकी साधारण पाच जणांची गरज ४५ ग्रॅममध्ये भागलेली असते, आणि आपण त्या पाचांत आहोत की सहावे, हे वहीवरून कळू शकत नाही.

ऊर्जेला हा नियम लागू नाही. प्रथिने किंवा जीवनसत्त्वे थोडी जास्त झाली तर सहसा बिघडत नाही, म्हणून तिथे भर घालता येते. रोजच्या गरजेपेक्षा जास्त ऊर्जा मात्र चरबी होऊन साठते, आणि म्हणून उष्मांकांची शिफारस त्या वयाच्या, बांध्याच्या आणि हालचालीच्या लोकांच्या सरासरीवरच थांबते. इथे वहीपेक्षा वजनकाटा अधिक विश्वासार्ह साक्षीदार आहे: महिनोन्‌महिने वजन स्थिर असेल तर नोंदीत १,४०० लिहिलेले असो वा २,४००, खाणे खर्चाइतकेच आहे.

काही आकडे तर गाठण्यासाठी नसून न ओलांडण्यासाठी असतात, आणि अ‍ॅपमधल्या हिरव्या पट्ट्या हा भेद पुष्कळदा पुसून टाकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, आणि मुक्त शर्करेतून (पदार्थांत वरून घातलेली, तसेच मध व फळांच्या रसातील साखर) एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी भाग यावा. मिठाचा वहीतील हिशेब तर फारच कच्चा असतो. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीतून बाहेर पडत असल्यामुळे संशोधक नोंदीवर विसंबण्याऐवजी २४ तासांची लघवी गोळा करून तपासतात.

राहिले ते ७२ टक्के लोह. वनस्पतिजन्य अन्नातील लोह किती शोषले जाईल हे सोबत काय खाल्ले त्यावर बरेच अवलंबून असते. लिंबासारख्या क जीवनसत्त्वयुक्त पदार्थाने शोषण वाढते, तर जेवणाबरोबर घेतलेल्या चहा-कॉफीने घटते. त्यात शरीरातील साठा कमी असेल तर आतडे स्वतःहून अधिक लोह ओढून घेते. दोन व्यक्तींच्या वहीत मिलिग्रॅम तेच, टक्केवारी तीच, आणि रक्तात पोहोचणारे लोह मात्र वेगळे, असे सहज घडते. सतत थकवा असेल किंवा रक्तस्राव जास्त होत असेल तर त्याचा निकाल हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) यांच्या तपासणीनेच लागतो. अशा वेळी डॉक्टरांना दाखवायला टक्क्यांच्या रकान्याइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, उपयोगी पडतो तो एक साधा रकाना, जो बहुतेक जण रिकामा सोडतात: कोणत्या वेळी खाल्ले आणि त्यासोबत काय प्यायले.