सेफिक्झिम

सेफिक्झिम हे सेफॅलोस्पोरिन गटाच्या तिसऱ्या पिढीतले, तोंडाने घ्यायचे प्रतिजैविक आहे. या पिढीतली बरीचशी औषधे सुईनेच द्यावी लागतात. हे मात्र गोळीत आणि सिरपमध्ये मिळते, दिवसातून एकदा किंवा दोनदा घेतले की पुरते, जेवणाआधी-नंतरचा विचार करावा लागत नाही. भारतात घराघरांत ते पोचले ते या सोयीमुळे. साध्या सर्दीतापातही ते सर्रास घेतले जाते, त्यालाही ही सोयच कारणीभूत आहे.

या गटाची सुरुवात गटारापासून झाली. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी शहराचे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या पाण्यातून जुझेप्पे ब्रोत्सू यांनी १९४५ मध्ये एक बुरशी वेगळी केली. तिच्या अर्काने विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, जंतू मरत होते. १९४८ मध्ये त्यांनी हे काम छापले. पुढे ऑक्सफर्डला एडवर्ड एब्राहम आणि गाय न्यूटन यांनी या बुरशीपासून सेफॅलोस्पोरिन-सी मिळवले. सेफिक्झिम जपानच्या फुजिसावा कंपनीचे. अमेरिकेत त्याला १९८९ मध्ये मान्यता मिळाली.

जिवाणूची पेशीभित्ती विणली जात असताना हे औषध त्या विणकामात अडथळा आणते, आणि कमकुवत भिंतीचा जिवाणू फुटतो. विषाणूला अशी भित्तीच नसते. म्हणून सर्दी, फ्लू, डेंग्यू यांत सेफिक्झिमचा काडीचाही उपयोग नाही. चौथ्या दिवशी ताप उतरला तर त्याचे श्रेय गोळीला मिळते. खरे तर तो ताप आपणहून उतरणारच होता.

मूत्रमार्गाचा संसर्ग, कानाचा व घशाचा जिवाणूजन्य संसर्ग आणि टायफॉइड ही त्याची मुख्य क्षेत्रे. त्वचेवरचे गळू किंवा पू झालेली जखम बहुधा स्टॅफिलोकॉकस या जिवाणूमुळे होते आणि त्यावर सेफिक्झिम कच्चे पडते. तिथे याच गटातले जुने, पहिल्या पिढीचे सेफॅलेक्सिन सरस ठरते. ‘वरच्या पिढीचे ते जास्त स्ट्राँग’ हा समज इथे उघडा पडतो.

टायफॉइडबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पहिला डोस पोटात जाण्याआधी रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, गेले पाहिजे. नंतर जंतू सापडण्याची शक्यता घटते. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टायफॉइड ताडणाऱ्या एकट्या विडाल चाचणीवर निदान ठरवणे भरवशाचे नाही, तरी आपल्याकडे तेच जास्त चालते. औषध बरोबर असले तरी ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. दुसऱ्या दिवशी ताप पाहून घरचे घाबरतात आणि डॉक्टर बदलतात. नवा डॉक्टर औषध बदलतो. पोट फार दुखणे, शौचातून रक्त, गुंगी, सतत उलट्या असे काही दिसले तर मात्र गोळीवर विसंबून घरी थांबू नये, रुग्णालयच गाठावे.

प्रौढांचा नेहमीचा डोस दिवसाला ४०० मिलिग्रॅम. मुलांना साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला ८ मिलिग्रॅम दिले जाते. टायफॉइडमध्ये डॉक्टर याहून बराच जास्त देतात. मुलांच्या सिरपमध्येच चुका अधिक होतात. ५ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम अशा दोन्ही बाटल्या मिळतात. दहा किलोच्या बाळाला एका वेळी ४० मिलिग्रॅम द्यायचे, तर पहिल्या बाटलीतले ४ मिलिलिटर लागतात आणि दुसरीतले २. दुकानात दुसरीच बाटली मिळाली आणि माप तेच राहिले, की डोस दुप्पट किंवा निम्मा होतो.

बाटलीत कोरडी पूड असते. आधी बाटली आपटून पूड सुटी करावी, उकळून गार केलेले किंवा सोबत दिलेले पाणी थोडे घालून जोरात हलवावे, फेस बसू द्यावा आणि मग खुणेपर्यंत पाणी भरावे. एकदम खुणेपर्यंत भरले, तर तळाची पूड भिजल्यावर पातळी खाली जाते आणि औषध घट्ट राहते. दर डोसआधी बाटली हलवायची, आणि घरातला चहाचा चमचा न वापरता मापाच्या टोपणाने किंवा सिरिंजने द्यायचे. कालवलेले औषध लेबलवरच्या मुदतीनंतर ओतून टाकावे. पुढच्या तापासाठी ठेवू नये.

नावांचा घोळही लक्षात ठेवावा. टॅक्सिम-ओ म्हणजे सेफिक्झिम, पण नुसते टॅक्सिम म्हणजे सेफोटॅक्झिम, आणि ते इंजेक्शन आहे.

जुलाब हा सर्वांत नेहमीचा त्रास. बहुतेकदा तो सौम्य असतो. पण पाण्यासारखे किंवा रक्तमिश्रित जुलाब, अगदी कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरही, क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल या आतड्यातल्या जिवाणूमुळे असू शकतात. जुलाब थांबवायची गोळी परस्पर घेऊन ते दाबू नयेत. अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणे, धाप लागणे ही ॲलर्जीची लक्षणे असून अशा वेळी लगेच दवाखाना गाठावा. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्या प्रत्येकाला सेफिक्झिम सोसत नाही असे नाही, पण ती माहिती चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांना हवी. मूत्रपिंडे कमजोर असतील तर डोस कमी करावा लागतो. रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर रक्त अधिक पातळ होऊ शकते, आणि फिट्ससाठीच्या कार्बामॅझेपिनची रक्तातली पातळी वाढते. डोस विसरला तर आठवताच घ्यावा; दोन एकदम घेऊ नयेत.

भारतात हे औषध १ मार्च २०१४ पासून ‘शेड्युल एच-वन’मध्ये आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि रुग्णाचे व डॉक्टरचे नाव दुकानदाराने वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपायची. पाकिटावरची उभी लाल रेघही चिठ्ठीशिवाय घेऊ नका हेच सांगते. काउंटरवर ‘दोन गोळ्या द्या’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या या नोंदवहीत कुठे बसतात, हा प्रश्न आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत सेफिक्झिम ‘वॉच’ गटात, म्हणजे जपून वापरायच्या औषधांत येते.

जंतू औषधाला दाद देईनासे होतात, त्या प्रतिकाराची उदाहरणे समोर आहेत. परमा (गनोरिया) या लैंगिक आजारासाठी पहिल्या पसंतीचे औषध म्हणून सेफिक्झिम सुचवणे अमेरिकेने २०१२ मध्ये थांबवले. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनना न जुमानणारा टायफॉइड पसरला. टायफॉइड मुळातच टाळण्यासाठी नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची संयुग्म (कॉन्ज्युगेट) लस देण्याची मोहीम काढली.