कुशावतीकाठची माणसे कुठे पुरली?

गोव्यात रिवणजवळ उसगाळीमळला कुशावती नदीच्या पात्रालगत जांभ्या कातळावर बैल, हरणे, माणसे आणि चक्रव्यूहासारखे मोठे वर्तुळ कोरले आहे. १९९३ मध्ये ही चित्रे अभ्यासकांच्या नजरेस आली. तिथे गेले की मला दर वेळी वाटते, हे कोरणाऱ्यांची हाडे कुठे असतील?

उत्तर मातीतच आहे. गोव्याची तांबडी माती आम्लधर्मी, त्यात चार महिने धोधो पाऊस. हाडातला चुना विरघळत जातो आणि शेवटी काहीच उरत नाही. म्हणून पुरलेल्या माणसांकडून काय कळते ते पाहायचे, तर घाट चढून शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला जावे लागते.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केले. वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० ची. वेगळे स्मशान नव्हते. माणसे घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. दोनशेहून अधिक दफने मिळाली, त्यांत बरीच लहान मुलांची. तान्ह्या मुलाला दोन रांजणांत घालून, रांजणांची तोंडे एकमेकांना लावून ते आडवे ठेवत. आई ज्या जमिनीवर वावरायची, तिच्याखालीच तिचे मूल. हे वाचून मन हलते. मोठ्यांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले. मेलेला परत येऊ नये म्हणून, असे मानले जाते. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसवलेला सापडला, त्याचे पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा, असा उत्खननकर्त्यांचा कयास. म्हणजे उच्चनीच तेव्हाही होती.

दात तर याहून बोलके. बालपणी उपासमार किंवा मोठे आजारपण झाले, की दाताच्या वरच्या कठीण थरावर (एनॅमलवर) आडव्या रेषा उमटतात आणि जन्मभर राहतात. किडके दात पिठूळ अन्नाची खूण.

डीएनए मिळणे मात्र आपल्या उष्ण हवेत फार कठीण. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाच्या दफनभूमीतले साठेक नमुने तपासले, तेव्हा एकाच स्त्रीचा डीएनए वाचता आला. तो अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

गोव्यात हे तंत्र वापरले गेले ते फार अलीकडच्या हाडावर. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्न वास्तूत मिळालेले हाड हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने तपासले. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात मारली गेली आणि तिचे अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यात आणले; ते हाड तिचे असावे, या तर्काला डीएनएने बळ दिले. २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले.